लग्नाच्या बायकोला पळवून कोवळमला

कोवळमला जाऊन आलेली माणसं समुद्राचा रंग सांगतात, दीपगृह सांगतात, माडांच्या रांगा सांगतात. मी तिथे सहा दिवस होतो. पहिले तीन दिवस मी एका टेकडीवर चढत किंवा टेकडीवरून उतरत होतो, आणि पुढचे तीन दिवस मला चष्मा नव्हता. तेव्हा निसर्गवर्णनाची अपेक्षा बेताची ठेवा. समुद्र निळा असतो असं मला इतरांकडून कळलं. मी पाहिला तेव्हा तो राखाडी होता आणि किनाऱ्यावर लाल बावटा लावलेला होता.

आधी आम्ही तिथे चोरून का गेलो, ते सांगतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बेंगळूरला आलं आणि परत जायचं विसरलं. घरात मराठी बोलतो, पण रीतीभाती बऱ्याचशा शेजाऱ्यांच्या. त्यातली एक आषाढाची. आषाढ लागला की नव्या सुनेनं माहेरी जायचं. महिनाभर सासू-सुनेनं एका छपराखाली राहायचं नाही, एक उंबरठा ओलांडायचा नाही, आणि नवऱ्यानंही तिकडे फिरकायचं नाही.

माझी बायको नीलिमा पुण्याची. लग्न मे महिन्यात झालं. आमच्या राजाजीनगरच्या घरात तेव्हा आठ माणसं, आणि आमची खोली म्हणजे हॉलचाच पडदा लावलेला तुकडा. पडद्याच्या पलीकडे आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, रेडिओ. लग्नाला सहा आठवडे झाले तरी आम्ही दोघं एकमेकांशी बातम्यांच्या आवाजाखालीच बोलत होतो. ती मला सगळ्यांसमोर 'अहो' म्हणायची आणि पडद्याआडही 'अहो'च म्हणायची, कारण पडदा फारच पातळ होता.

मी सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला. मिलीमीटरच्या हजाराव्या भागाचा फरक माझ्या नजरेतून सुटत नाही अशी माझी ख्याती. त्या ख्यातीला जागून मी कोवळमच्या रिसॉर्टचं बुकिंग केलं: रजा मंजूर, गाडीचं रिझर्वेशन पक्कं, टेबलावरच्या इंग्रजी कॅलेंडरवर जुलैतल्या सहा तारखांना लाल गोल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दुसरं कॅलेंडर होतं. ते बघायचं मला सुचलं नाही. माझ्या वतीनं ते आत्यानं बघितलं.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची आणि आमच्या घरात कोण किती वाजता आलं-गेलं, ते तिला आमच्याहून नीट माहीत असायचं. ती चहा पिता पिता म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी आषाढ लागतोय. सुनेचं तिकीट काढलंत ना पुण्याचं?"

आई म्हणाली, "काढायला सांगते."

पडद्याआड नीलिमानं मला विचारलं, "आषाढात तुमच्याकडे नवराबायकोची ताटातूट करतात? आमच्याकडे तळण करतात."

पळून जायची कल्पना तिची की माझी, यावर आमच्यात अजून एकमत नाही. बेत साधा होता. तिनं रीतसर माहेरी जायचं, तिथून पुण्यावरून जाणाऱ्या थेट गाडीनं त्रिवेंद्रमला यायचं. तिच्या वडिलांना ही योजना इतकी आवडली की ते स्वतः स्टेशनवर सोडायला येणार होते. मी घरी सांगायचं, ऑफिसची टूर आहे, त्रिवेंद्रमला.

मी जेवताना सांगितलं. आईनं भात वाढता वाढता ऐकून घेतलं.

"किती दिवस?"

"सहा."

"सरी, ठीक आहे," आई म्हणाली. "मग मी पण येते."

मी पुन्हा भात मागितला.

"शेजारच्या रुक्मिणम्मांचे गुडघे तिकडच्या तेलानं बरे झाले," आई म्हणाली. "याच महिन्यात करतात म्हणे ते उपचार. पद्मनाभस्वामींचं दर्शनही होईल. तू कामावर जा, मी तेल लावून घेईन. तुला माझा त्रास नाही."

आप्पांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "घेऊन जा तिला."

अशा रीतीनं मी आईला घेऊन मधुचंद्राला निघालो.

त्रिवेंद्रम

प्रवासाचं काय सांगायचं. आईनं दहीभात, चटणीपुडी आणि दोन उशा घेतल्या होत्या. मी ऑफिसातल्या एका मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. तो फोटोच्या कोपऱ्यात आपोआप तारीख छापायचा. असली नेमकेपणाची वस्तू मला फार आवडायची. आईनं विचारलं, "कामाला कॅमेरा कशाला?" मी म्हणालो, "मशीनचे फोटो काढायचे असतात."

आईला गावातल्या एका वैद्यशाळेत ठेवायचं, म्हणजे समुद्रापासून चांगलं लांब, असा माझा हिशेब. वैद्य फार सभ्य गृहस्थ. ते इंग्रजीत म्हणाले, हा आमचा औषधाचा महिना, इथे एकही खाट रिकामी नाही, पण काळजी करू नका, आमची दुसरी जागा आहे, हवाही उत्तम. आमची टॅक्सी त्या उत्तम हवेकडे निघाली. रस्ता वळणं घेत घेत खाली उतरू लागला, डाव्या हाताला माड आले, माडांमागे दीपगृह आलं. दुसरी जागा कोवळमच्या टेकडीवर होती. व्हरांड्यातून खाली पाहिलं तर आमच्या रिसॉर्टची लाल कौलं मोजता येत होती.

"समुद्र दिसतो," आई समाधानानं म्हणाली. "तुझं ऑफिस लांब पडेल का रे इथून?"

"स्वल्प," मी म्हणालो.

कोवळम, टेकडीखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलिमाला स्टेशनवरून आणलं. तिच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात स्टीलचा मोठा डबा. टॅक्सीत मी तिला सांगितलं की आईपण आली आहे.

तिनं डबा मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "कुठे?"

मी बोट वर केलं.

"देवाघरी असल्यासारखं काय दाखवता," ती म्हणाली.

रिसॉर्टचे मॅनेजर थॉमस नावाचे. रजिस्टरमध्ये बेंगळूर लिहिताना त्यांनी फक्त मान हलवली. "जुलैत आमच्याकडे दोनच तऱ्हेची माणसं येतात. गुडघे दुखणारी वर, टेकडीवर. नवी लग्नं झालेली खाली. सगळी कर्नाटकातली. तुमच्याकडे या महिन्यात काहीतरी असतं ना?" जेवणघरात आणखी चार जोडपी होती. मंड्याचा एक नवरदेव माझ्या शेजारी बसला आणि कन्नडमधून हळूच म्हणाला, "आमची माहेरी आहे. तुमची?" मी म्हणालो, "आमचीपण माहेरीच." समोर दोघांच्याही बायका लाल भातावर माशाची आमटी घेत होत्या.

त्या दुपारी नीलिमानं पहिल्यांदा मला 'तू' म्हटलं. "तू मीठ दे," एवढंच. कुठे रेडिओ नव्हता, पडदा नव्हता. मी मीठ दिलं आणि अर्धं सांडलं.

माझा दिवस असा जायचा: सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून टेकडीवर, आईला नमस्कार, "ऑफिसला निघतो." खाली येऊन शर्ट काढायचा. दुपारी पुन्हा शर्ट, पुन्हा टेकडी, "जेवणाच्या सुट्टीत आलो." पुन्हा खाली. संध्याकाळी पुन्हा वर. पावसानं पायऱ्या निसरड्या झालेल्या. दोनदा मी बसल्या बसल्या खाली आलो. नीलिमा म्हणायची, "गुडघ्यांचे उपचार खरं तर तुलाच हवेत." दोन दिवसांत आमचं एकत्र असं काही झालं असेल तर एवढंच की मी धापा टाकायचो आणि ती वारा घालायची.

आईचं तिकडे वेगळंच दुःख. वैद्यांनी तिला पथ्यावर ठेवलं होतं. तिन्ही त्रिकाळ औषधी पेज. रंग तळ्याच्या पाण्याचा. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "रघू, माझे दात कशासाठी आहेत तेच विसरले मी. काहीतरी कुरकुरीत आण."

खाली येऊन मी नीलिमाचा डबा उघडला. वर सांगितलंच, पुण्याला आषाढात तळण करतात. डब्यात कापण्या होत्या. गूळ, कणीक, वरून खसखस लावून लाटलेल्या, शंकरपाळ्यासारख्या तिरक्या कापलेल्या. मी मूठभर कागदात बांधल्या आणि वर नेऊन दिल्या.

आईनं एक तोंडात टाकली. सावकाश चावली.

"कुठून आणल्यास?"

"खाली बीचवर बेकरी आहे."

"मल्याळी बेकरी?"

"हो."

आईनं दुसरी घेतली. "छान करतात," ती म्हणाली. "उद्या पण आण."

मी खूश होऊन उतरलो. मिलीमीटरचा हजारावा भाग तपासणारा मी. केरळच्या बेकरीत आषाढाच्या कापण्या मिळत नाहीत, हे माझ्या तपासणीतून सुटलं.

कोवळम, वाळूवर

चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. टेकडीवर जाऊन "ऑफिसला" निघालो, खाली आलो, आणि नीलिमाला म्हणालो, आज समुद्रात पाय तरी बुडवू. लाल बावट्यापाशी उभा असलेला रखवालदार नको नको म्हणून हात हलवत होता. मी त्याला हात हलवून उत्तर दिलं. घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन, कमरेवर हात ठेवून, मी बायकोकडे वळून बघितलं, कारण लाट पाठीमागून येते हे बेंगळूरच्या माणसाला कुणी शिकवलेलं नसतं. नाकातोंडात वाळू गेली. बाहेर आलो तेव्हा एक चप्पल होती आणि चष्मा नव्हता.

माझा नंबर जाड आहे. चष्म्याशिवाय माणूस आणि माड यांतला फरक मला हालचालीवरून कळतो. नीलिमानं मला कोरड्या वाळूवर बसवलं आणि पदरानं माझं डोकं पुसलं. सहा आठवड्यांत तिनं दिवसाउजेडी, उघड्यावर मला हात लावायची ही पहिलीच वेळ. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलू लागलो.

"हे बघ, तू उगाच घाबरतेस. आईला सांभाळणं हे एक तंत्र आहे. भोळी आहे ती. काल कापण्या बेकरीतल्या म्हणून खाल्ल्या तिनं."

माझ्या डाव्या बाजूला, दहा-बारा पावलांवर, एक काळी छत्री उभी होती. छत्रीखाली काहीतरी जांभळं.

"ती बाई बघ," मी म्हणालो, "मघापासून आपल्याकडे टक लावून बघतेय. इथल्या म्हाताऱ्यांना नवराबायको बघायची सवय दिसत नाही."

"अहो," नीलिमा म्हणाली.

दोन दिवसांत तिनं मला एकदाही 'अहो' म्हटलं नव्हतं.

"अहो, उठा."

"बसू दे त्याला," छत्री म्हणाली. "भोळी माणसं उभी राहतील."

मी उठलो. कुठल्या दिशेला तोंड करायचं ते आवाजावरून ठरवलं. आई पुढे आली नाही. दहा पावलांवरच उभी राहून तिनं विचारलं, मला नव्हे, "कापण्या तू केल्यास की तुझ्या आईनं?"

"मी लाटल्या, आईनं तळल्या," नीलिमा कसंबसं म्हणाली.

"खसखस जरा जास्त पडली. पण खुसखुशीत आहेत. म्हटलं, बेकरीवाली बघून यावी."

"आई, माझं ऐक," मी सुरू केलं.

"तू गप. चष्मा कुठाय?"

"समुद्रात."

"बरं झालं."

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. मी म्हणालो, "चला, रिसॉर्टच्या व्हरांड्यात बसून बोलू." नीलिमा माझ्याबरोबर दोन पावलं चालली. आई जागची हलली नाही.

"तिथे छप्पर आहे," ती म्हणाली. "तुम्ही जा."

मग मात्र मी चिडलो. तीन दिवसांच्या पायऱ्या, दुखरे गुडघे, गेलेला चष्मा, सगळं एकदम आठवलं. म्हणालो, "आई, तुझा खरंच विश्वास आहे का या सगळ्यावर? व्हरांड्यात बसलीस तर आभाळ कोसळणार आहे?"

आईनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. पाऊस तिच्या छत्रीवर वाजत होता.

"माझ्या पहिल्या आषाढात," ती नीलिमाकडे वळून म्हणाली, "माहेराहून परत यायच्या दिवशी अमावास्या संध्याकाळी संपायची होती. मी सकाळच्या गाडीनं आले. एवढंच. सासूबाई फुलं घेऊन दारात आल्या होत्या, दोघी एकदमच आत गेलो. त्या वर्षी मामंजी होसकोट्याजवळ सायकलवरून पडले, पाय मोडला. ब्रेक तुटला होता सायकलचा. तुटलेला ब्रेक सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. तरी सासूबाई असेपर्यंत घरात काहीही झालं, दूध नासलं तरी, पहिला प्रश्न हाच, त्या दिवशी सकाळच्या गाडीनं कोण आलं होतं. याची आत्या अजून विचारते."

आम्ही दोघं भिजत ऐकत होतो.

"आषाढाचं मला भय नाही, रघू. वर्षभरात कुणाच्याही घरात काही ना काही होतंच. मग लोकांना बोट दाखवायला कुणीतरी लागतं. ते बोट हिच्याकडे वळू नये म्हणून मी हिला पुण्याला पाठवली. आणि तू शहाणा, हिला उचलून माझ्याच पायाशी आणून ठेवलीस."

नीलिमा एकदम वळली आणि पळत रिसॉर्टकडे गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात दुसरी छत्री होती. आईपासून हातभर अंतर ठेवून ती उभी राहिली.

"एका छत्रीखाली नको, आई," ती म्हणाली. "पण वाळूला उंबरठा नाही ना?"

आईनं विचार केला. वकिलासारखा, खालीवर बघून.

"नाही," ती म्हणाली. "आणि आभाळ काही आपल्या घराचं छप्पर नाही."

दोघी चालू लागल्या. तिसरी छत्री नव्हती.

तिथेच, शेवटचे दोन दिवस

ते दोन दिवस माझ्या मधुचंद्राचा उत्तम भाग असं आमच्या घरात मानतात. आई सकाळी टेकडीवरून उतरायची, नीलिमा व्हरांड्यातून बाहेर पडायची, आणि दोन छत्र्या दीपगृहापासून लाल बावट्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. मी मागून एका नव्या रबरी चपलांच्या जोडात, माडांना चुकवत. पुढून हसण्याचे आवाज यायचे. कशाबद्दल, विचारलं तर दोघी गप्प. एकदा फक्त माझ्या लहानपणची, जत्रेत हरवून दुसऱ्याच कुटुंबाबरोबर जेवायला बसल्याची, गोष्ट ऐकू आली. आईनं ती अगदी बारकाव्यांसह सांगितली.

पेजेवरचा उपाय त्यांनी परस्पर काढला. नीलिमा वाळूवर कापण्यांचा डबा ठेवून दहा पावलं मागे जायची, आई येऊन घ्यायची. रखवालदाराला वाटलं असेल, काहीतरी तस्करी चालली आहे. वैद्यांना वाटलं, पेज मानवली.

एकदा नीलिमा मला चुकून 'अहो' म्हणाली, तर आई पाठ फिरवून म्हणाली, "तू म्हण गं. इथे मला ऐकू येत नाही. घरी उंबरठ्याच्या आत काय ते अहो म्हण."

निघायच्या दिवशी मी म्हणालो, एक फोटो तरी काढू. दोघींना समुद्राकडे पाठ करून उभं केलं. दोन छत्र्या, मधे हातभर अंतर. मला दोन काळे ठिपके दिसत होते, त्यांच्या मधोमध नेम धरला. मग नीलिमा पुण्याच्या गाडीनं गेली. मी आणि आई बेंगळूरच्या.

राजाजीनगर

घरी आत्या बसलेलीच होती. "कशी झाली टूर?"

आई गुडघे चोळत म्हणाली, "याला कामातून मान वर करायला सवड नव्हती. चष्मासुद्धा तिकडेच गेला मशीनमध्ये."

श्रावणात नीलिमा आली. स्टेशनवरून आल्यावर आईनं तिला फाटकाबाहेर उभं केलं आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरची वेळ बघून, घड्याळ बघून, शेजारच्या रुक्मिणम्मांना साक्षीला बोलावून मगच आत घेतलं. मला ते जरा अतीच वाटलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला आप्पा न्हाणीघरात घसरले. मनगट मोडलं. आत्या बघायला आली, प्लॅस्टरवरून हात फिरवला, आणि आईनं चहा ठेवायच्या आत विचारलं, "सून त्या दिवशी किती वाजता आली गं?"

"अमावास्या संपल्यावर अर्ध्या तासानं," आई म्हणाली. "रुक्मिणम्मा होत्या. बोलावू?"

आत्याची नजर शोकेसकडे गेली. तिथे आमचा फोटो होता. छत्तीसच्या रोलमधला तेवढा एकच धड आला होता, तोही तिरका. समुद्र डावीकडे वाहून चालल्यासारखा, पुढे आई आणि नीलिमा, दोन छत्र्या, दोघींची तोंडं हसून उघडी. तो स्टुडिओतून आला तेव्हा खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख होती, अगदी स्वच्छ, वर्ष-महिना-दिवस. आईनं तो उजेडाला धरला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, आणि शिलाई मशीनच्या खणातून कात्री काढली.

"हा समुद्र कुठला?" आत्यानं विचारलं.

"गोकर्ण," आई म्हणाली. "श्रावणात गेलो होतो."

आत्या जवळ जाऊन वाकली. "आणि हा कोपरा?"

आईनं साखर घातली, ढवळली, कप तिच्या हातात दिला.

"उंदीर," ती म्हणाली.